साटा की एनव्हीएमई: जुन्या संगणकापुरता निर्णय

अंबाजोगाईतल्या माझ्या फोटो स्टुडिओत चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा संगणक आहे. लग्नसराई उरकली की त्यात एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश मेमरीच्या चिपवर साठवणारी डिस्क, बसवायची, हे आधीच ठरले होते. कारण अल्बमचे एकेक पान उघडताना हार्ड डिस्कची करकर ऐकत बसणे आणि समोर गिऱ्हाईक ताटकळत असणे, हे मला सहन होईनासे झाले होते. प्रश्न एवढाच होता, की एसएसडी साटा जोडणीची घ्यावी की एनव्हीएमईची. डिस्क संगणकाला जोडण्याच्या या दोन पद्धती; पहिली जुनी, दुसरी नवी आणि वेगवान. पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा भाचा म्हणाला, "मामा, आता साटा कशाला घेता? ती सेकंदाला साडेपाचशे एमबीवर अडते. एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत सहज जाते."

त्याचे आकडे खरे आहेत. साटाचे सेकंदाला ६ गिगाबिटचे मानक २००९ सालचे, तर एनव्हीएमईचे पहिले मानक २०११ सालचे असून ते फिरत्या तबकडीसाठी नव्हे, तर फ्लॅश मेमरीसारख्या वेगवान साठवणुकीसाठीच आखलेले आहे. नवा संगणक घेत असतो, तर मी दुसरा विचारही केला नसता.

पण माझा मदरबोर्ड एच-८१ चिपसेटचा (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपचा) आहे. त्यावर एनव्हीएमई डिस्क थेट बसवायचा एम-डॉट-टू स्लॉट नाही, म्हणून वेगळे अ‍ॅडॅप्टर कार्ड लावावे लागले असते. मोठ्या स्लॉटमध्ये ग्राफिक्स कार्ड आहे. उरलेला छोटा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० (कार्डे जोडण्याची पद्धत) चा, एका लेनचा, म्हणजे डेटा जायला एकच वाट असलेला. त्याची कागदावरची कमाल मर्यादाच सेकंदाला ५०० एमबी. म्हणजे जास्त पैसे मोजून आणलेली डिस्क त्यात साटापेक्षाही हळू चालली असती! शिवाय त्या बोर्डाच्या बायॉसला (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला) एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करता येत नाही. बायॉसमध्ये फेरफार करण्याची युक्ती आहे, परंतु ज्या यंत्रावर लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत, त्यावर असे प्रयोग करणे मला योग्य वाटत नाही.

खरा खोळंबा कुठे होतो, हेही पाहिले. कॅमेऱ्यातले माझे यूएचएस-वन वेगश्रेणीचे मेमरी कार्ड सेकंदाला १०४ एमबीच्या पुढे जाऊच शकत नाही, त्यामुळे फोटो उतरवायला दोन्ही डिस्कवर सारखाच वेळ लागणार. उलट मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांची असते आणि शेकडो लहान फायली शोधताना हीच वाट पाहणे साचत जाते. फिरती तबकडी गेली, की ते दुखणे संपते. मग जोडणी कोणतीही असो.

शेवटी एक टीबीची साटा एसएसडी घेतली. बसवताना एक गोष्ट आवर्जून पाहिली: एच-८१ च्या चार साटा पोर्टांपैकी दोनच ६ गिगाबिटचे असतात, बाकीचे दोन ३ गिगाबिटचे. जुनी केबल नेमकी हळू पोर्टात होती. ती काढून, बोर्डावर छापलेली बारीक अक्षरे टॉर्चच्या उजेडात वाचून, मगच नवी डिस्क जोडली. पुढे मदरबोर्ड बदलेन तेव्हा विंडोजसाठी एनव्हीएमई घेईन आणि ही एसएसडी त्याच संगणकात चालू कामाच्या अल्बमसाठी ठेवीन.