पायऱ्या गाळायच्या नाहीत

उत्तर बरोबर असलं तरी मधली पायरी गाळली की आमचे गणिताचे सर गुण कापायचे. समासात लाल शाईने एकच शब्द असे, ‘कसे?’ मला त्याचा भारी राग यायचा. आज माझं सगळं काम त्या एका प्रश्नाभोवती चालतं.

मी आयन चॅनेलचं संगणकावर सिम्युलेशन करतो. चेतापेशीच्या पटलात प्रथिनांची दारं असतात, तीच ही चॅनेल; त्यांतून आयन, म्हणजे प्रभारित अणू, ये-जा करतात. पेशीची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हा फरक कमी झाला की दारं उघडतात. आधी सोडियम आत येतो, मग पोटॅशियम बाहेर जातो आणि आवेग पुढे सरकतो. ७० मिलिव्होल्ट किरकोळ वाटतात. पण पटलाची जाडी जेमतेम चार नॅनोमीटर, म्हणजे मीटरमागे जवळजवळ पावणेदोन कोटी व्होल्ट!

हॉजकिन आणि हक्स्ले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ साली याची समीकरणं मांडली. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्स्लेंनी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर आकडेमोड केली. हे वाचलं तेव्हा मला आमचे सरच आठवले. प्रवाह किती आणि केव्हा, हे त्या समीकरणांनी सांगितलं. दार कसं हलतं, हे कळायला प्रथिनातले अणू कुठे आहेत ते दिसावं लागलं. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने २००५ मध्ये सस्तन प्राण्यातल्या एका पोटॅशियम चॅनेलची रचना प्रसिद्ध केली आणि आमच्या क्षेत्राला भक्कम पाया मिळाला.

सिम्युलेशनमध्ये आम्ही एकेका अणूवरचं बल काढतो, त्याला किंचित हलवतो आणि पुन्हा बल काढतो. एक पायरी साधारण दोन फेमटोसेकंदांची; फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. पायरी मोठी घेतली तर हायड्रोजनची थरथर हुकते, अणू एकमेकांत घुसतात आणि गणित कोसळतं. एका मायक्रोसेकंदासाठी, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागासाठी, अशा ५० कोटी पायऱ्या! खास याच कामासाठी बांधलेल्या ‘अँटन’ संगणकावर २०१२ मध्ये अशा चॅनेलचं मिटणं पहिल्यांदा सविस्तर दिसलं. त्यासाठी खऱ्या पेशीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज द्यावं लागलं होतं, हेही सांगायला हवं.

पडद्यावर ते पाहताना मी अजूनही थबकतो. चॅनेलच्या प्रथिनात एस-४ नावाचा मळसूत्रासारखा भाग असतो. त्याच्यावर दर तिसऱ्या जागी धनप्रभार असतो, बहुतेक ठिकाणी अर्जिनिन या अमिनो आम्लाचा. दार मिटताना आधी मधल्या छिद्रातलं पाणी निघून जातं आणि भिंती जवळ येतात. मधल्या छिद्रातलं पाणी निघून जातं आणि भिंती जवळ येतात. उघडताना हाच क्रम उलटा.

विज्ञान महोत्सवाला येताना हे चलच्चित्र घेऊन येतो आहे. नववी-दहावीच्या मुलांनी हवं तिथे ते थांबवावं आणि ‘कसे?’ विचारावं.