शंभर मीटर खाली, हजारो व्होल्टांची निगराणी

सर्न या युरोपातील कणभौतिकी प्रयोगशाळेत काम करतो असे कळले की भारतातील नातेवाईक आणि विद्यार्थी सर्वप्रथम हिग्ज बोसॉनविषयी विचारतात. ४ जुलै २०१२ रोजी ज्या कणाच्या शोधाची घोषणा झाली, त्याविषयी कुतूहल असणे स्वाभाविक आहे. परंतु असा कण दिसावा म्हणून जे यंत्र रात्रंदिवस ठरावीक तापमानाला आणि ठरावीक व्होल्टेजवर चालू ठेवावे लागते, त्याविषयी फारसे कोणी विचारत नाही. माझे काम त्या यंत्राच्या नियंत्रण प्रणालीचे आहे आणि त्याबद्दल सविस्तर लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

सर्नचे मुख्य आवार स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हाजवळ आहे. आमचा सीएमएस हा प्रयोग मात्र प्रोटॉनांच्या टकरी घडवणाऱ्या एलएचसी या प्रवेगकाच्या २७ किलोमीटर परिघाच्या वर्तुळाच्या जवळजवळ समोरच्या टोकाला, फ्रान्समधील सेसी या गावी आहे. जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवरच्या गुहेत २१ मीटर लांब, १५ मीटर व्यासाचा आणि १४,००० टन वजनाचा, टकरींतून निघणारे कण टिपणारा हा डिटेक्टर बसवलेला आहे. प्रोटॉनांचे झोत फिरत असताना किरणोत्सर्गामुळे तेथे कोणालाही जाता येत नाही, आणि ३.८ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्राजवळ साधा पंखा किंवा ट्रान्सफॉर्मरही नीट चालत नाही. त्यामुळे खाली जे काही चालू-बंद करायचे, मोजायचे, थंड ठेवायचे, ते सगळे वर बसून, संगणकामार्फत करावे लागते.

ही प्रणाली विनसीसी ओपन आर्किटेक्चर या औद्योगिक सॉफ्टवेअरवर उभी आहे. कारखाने आणि वीजकेंद्रे चालवणाऱ्यांना अशा सॉफ्टवेअरचा परिचय असेल. त्यावर सर्नने आपल्या प्रयोगांसाठी सामाईक चौकट रचली आहे. डिटेक्टरचा प्रत्येक भाग एका उतरंडीत मांडलेला असतो: सर्वात वर संपूर्ण सीएमएस, त्याखाली उपप्रणाली, त्याखाली विभाग, आणि तळाशी हाय व्होल्टेजचा एकेक चॅनेल, म्हणजे वीजपुरवठ्याची एकेक स्वतंत्र वाहिनी. आज्ञा वरून खाली जातात आणि अवस्था खालून वर येतात, त्यामुळे शिफ्टवरच्या माणसाला लाखो आकड्यांऐवजी ‘ऑन’, ‘स्टँडबाय’, ‘एरर’ अशा मोजक्या अवस्था पाहाव्या लागतात. ही रचना नीट करणे हे संगणकशास्त्राचे काम आहे, असे मला सुरुवातीला वाटे. पण कोणत्या चॅनेलचा बिघाड किती गंभीर मानायचा, हे त्या चॅनेलमागच्या भौतिकशास्त्रावरच ठरते.

आरपीसी हे याचे उत्तम उदाहरण आहे. म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण त्याहून जड कण, टिपणाऱ्या या पातळ वायुकक्षांच्या निर्मितीत मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा आणि चंडीगढच्या पंजाब विद्यापीठाचा वाटा आहे, म्हणून मला त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटतो. दोन पातळ पट्ट्यांमधल्या वायूवर साडेनऊ हजार व्होल्टच्या आसपास व्होल्टेज दिलेले असते. म्यूऑन जाताना सुटलेले इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रात वेग घेतात, वायूच्या रेणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडतात आणि मोजता येईल इतका स्पंद तयार होतो. आता बाहेरची हवा बदलली आणि वातावरणाचा दाब कमी झाला, की कक्षातला वायूही विरळ होतो. इलेक्ट्रॉनांना दोन टकरींदरम्यान जास्त अंतर मिळते, त्यांची ऊर्जा वाढते, आणि व्होल्टेज तेच असूनही कक्ष अधिक संवेदनशील बनतो. म्हणून दाब घटला की व्होल्टेज थोडे उतरवायचे आणि दाब वाढला की थोडे चढवायचे, हे काम आमची प्रणाली स्वतः करते. सुमारे ९६५ मिलिबार या संदर्भदाबापासून दहाएक मिलिबारचा फरक पडला, तर व्होल्टेज शंभरेक व्होल्टपर्यंत हलवावे लागते. झ्युरा पर्वतरांगेवरून पाऊस येतो तेव्हा शंभर मीटर खाली असलेल्या यंत्रालाही त्याची दखल घ्यावी लागते, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

कणांचे मार्ग टिपणाऱ्या सिलिकॉनच्या ट्रॅकरची चिंता निराळी आहे. झोताच्या अगदी जवळ असलेल्या सिलिकॉनचे किरणोत्सर्गाने हळूहळू नुकसान होते आणि त्यातून झिरपणारा विद्युतप्रवाह वाढत जातो. तापमान सातेक अंशांनी वाढले तर तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून सिलिकॉन शून्याखाली बरेच थंड ठेवावे लागते. पण थंड पृष्ठभागाभोवतीची हवा दमट असेल तर त्यावर पाणी साचेल. यासाठी तेथे कोरडा वायू सतत फिरवला जातो, आणि तापमानाइतकेच लक्ष दवबिंदूवर ठेवावे लागते. इलेक्ट्रॉन आणि फोटॉन यांची ऊर्जा मोजणाऱ्या विद्युतचुंबकीय कॅलरीमीटरमधल्या लेड टंगस्टेटच्या ७५,८४८ स्फटिकांचे तापमान तर १८ अंश सेल्सिअसवर अंशाच्या शतांशांत स्थिर ठेवतात, कारण तापमान एका अंशाने वाढले की त्यांच्यातून मिळणारा प्रकाश सुमारे दोन टक्क्यांनी घटतो.

नवा झोत एलएचसीत सोडण्यापूर्वी प्रवेगकाचे नियंत्रणकक्ष आणि प्रयोग यांच्यात संदेशांची देवाणघेवाण होते. झोत स्थिर होईपर्यंत तो क्वचित भरकटण्याची शक्यता असल्याने नाजूक उपप्रणालींचे हाय व्होल्टेज आधीच उतरवलेले असावे लागते, आणि ते तसे असल्याची खात्री पटल्यावरच आमच्याकडून होकार जातो. ‘स्टेबल बीम्स’ जाहीर झाले की सगळे पुन्हा चढवायचे. टकरींचा दर सुरुवातीच्या तासांत सर्वाधिक असतो आणि पुढे घटत जातो. म्हणून या क्षणी वाया गेलेला प्रत्येक मिनिट सर्वात महाग पडतो. पूर्वी माणूस बटणे दाबत होता ते काम आता बहुतांशी आपोआप होते. तरीही सुरक्षेची शेवटची भिंत आमचे सॉफ्टवेअर नसते. ते थांबले तरी धूर, गळती किंवा अतितापमान ओळखून वीज तोडणारी स्वतंत्र यंत्रणा पीएलसीवर, म्हणजे कारखान्यांत वापरतात तशा छोट्या नियंत्रक संगणकांवर, चालते, आणि ते तसेच असले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

रात्री ऑन-कॉल फोन वाजतो तेव्हा पलीकडे शिफ्टवरचा एखादा ब्राझिलियन किंवा इटालियन विद्यार्थी असतो आणि त्याला स्क्रीनवर एक चॅनेल ट्रिप झालेला, म्हणजे प्रवाह वाढल्याने आपोआप बंद पडलेला, दिसत असतो. मी आधी त्या चॅनेलच्या विद्युतप्रवाहाचा मागील काही तासांचा आलेख उघडतो. रेघ एकदम उभी चढली असेल तर बहुधा ठिणगी किंवा जोडणीतला दोष. ती तासन्‌तास हळूहळू वर सरकली असेल तर वायूचे मिश्रण, त्यातली आर्द्रता किंवा तापमान तपासायचे. मग त्याच वायुवाहिनीवरच्या शेजारच्या कक्षांचे आलेख पाहायचे. तेही सरकले असतील, तर कक्षाला दोष न देता वायुप्रणाली सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला उठवायचे. शेजारी स्वस्थ असतील, तर व्होल्टेज पुन्हा टप्प्याटप्प्याने चढवायचे, आणि प्रत्येक टप्प्यावर प्रवाह खाली बसतो की नाही ते पाहून पुढे जायचे. घाईने थेट पूर्ण व्होल्टेज देणे कक्षाच्या जिवावर बेतू शकते.

या कामातली सर्वात अवघड बाब अलार्मची आहे, असे मला वाटते. प्रत्येक मोजमापाला मर्यादा लावणे सोपे असते. पण त्यातून पडद्यावर पिवळ्या-लाल ओळींची इतकी गर्दी होते की खरी सूचना हरवते. म्हणून नवा अलार्म मागणाऱ्याला मी नेहमी विचारतो की तो वाजल्यावर पहाटे तीन वाजता शिफ्टवरच्या माणसाने नेमके काय करायचे आहे. याचे उत्तर देता आले नाही, तर ते मोजमाप संग्रहात जपावे, पण त्यावर अलार्म लावू नये.

भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य असल्याने भारतीय नागरिकांना येथील अनेक मुदतीच्या पदांसाठी आणि फेलोशिपसाठी अर्ज करता येतो. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी प्रोग्रामिंगबरोबर वीजपुरवठा, वायू आणि शीतकरण यांचे प्रत्यक्ष प्रयोगशाळेतले काम शिकावे. जास्त टकरींसाठी वाढवल्या जाणाऱ्या एलएचसीकरिता सीएमएसचा ट्रॅकर आणि टोकांकडचे कॅलरीमीटर नव्याने बांधले जात आहेत. ते आजच्याहून अधिक थंड, द्रवरूप कार्बन डायऑक्साइडच्या शीतकरणावर चालतील, आणि त्यांचे नियंत्रण लिहिणारी माणसे आताच लागत आहेत.