तुम्ही विचारलंत म्हणून: गिअर ऑइल मी घरीच का बदलतो

गाडीखालून बाहेर आलेले माझे पाय दिसले की अंगणात येणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो. "काय करी ऱ्हायना भाऊ? गॅरेजवाले संपले का?" लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी विचारतंच, की इंजिन ऑइलचं समजू शकतो, पण गिअरचं आणि मागच्या हाउसिंगचं (मागच्या आसावरच्या गिअरांच्या डब्याचं) ऑइलही घरीच बदलायचं म्हणजे काय? किती पैसे वाचतात?

पैसे फारसे वाचत नाहीत. ऑइल तेवढंच लागतं, मजुरी सुटते आणि अर्धा दिवस जातो. मला जुनं ऑइल बघायचं असतं, म्हणून मी हे काम घरी करतो.

पूर्वी मीही गाडी सर्व्हिसिंगला देऊन मोकळा व्हायचो. एका वर्षी बिलावर इंजिन, गिअरबॉक्स, हाउसिंग अशी तिन्ही ऑइल लिहिलेली होती. घरी येऊन सहज खाली वाकलो, तर हाउसिंगच्या ऑइल सोडायच्या नटावर काळ्या मातीचा थर जसाच्या तसा. त्या नटाला पाना लागलेलाच नव्हता. भांडायला गेलो नाही. पण त्या दिवसापासून तो नट मी दुसऱ्याच्या भरवशावर सोडलेला नाही.

माझी गाडी बोलेरो, मागच्या चाकांवर ओढणारी. पुढे गिअरबॉक्स, तिथून मागे जाणारा शाफ्ट आणि मागे हाउसिंगमध्ये क्राउन-पिनियन, म्हणजे शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणारी दात्यांची जोडी. इंजिनचं ऑइल कमी झालं तर निदान दांडीवर कळतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो. या दोन डब्यांना ना दांडी, ना दिवा. आजोबांच्या बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं. चाक कुरकुरलं की ते थांबून आसाला वंगण द्यायचे. इथे मात्र आवाज यायला लागेपर्यंत दात झिजलेले असतात, आणि मग वंगण देऊन काही होत नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं साल फिरतं, तेव्हाच मी हे काम काढतो. अमळनेरच्या त्या उन्हात ऑइल पातळ असतं, भराभरा उतरतं, आणि पावसाळ्याआधी गाडी तयार होते. आधी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणतो, म्हणजे खाली बसलेला गाळ ऑइलात मिसळतो. मग सपाट जागा, हँडब्रेक आणि चाकांना दोन्ही बाजूंनी उटीचे दगड. चाकं उचलावी लागलीच तर चारही बाजूंना घोड्या (लोखंडी स्टँड) लावून गाडी सपाट ठेवायची, कारण गाडी तिरकी राहिली तर ऑइलची पातळी चुकते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी जात नाही आणि घरातल्या पोरांनाही जाऊ देत नाही. जॅक केव्हा बसेल ते सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र पाठच करून ठेवा. आधी भरायचा वरचा नट उघडायचा, सोडायचा खालचा नट नंतर. ऑइल सगळं सोडून दिलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला, की गाडी अंगणातच अडकली. नटाभोवतीची माती आधी ब्रशने आणि डिझेलच्या चिंधीने साफ करायची, नाहीतर तीच आत जाते.

आता मूळ मुद्दा. खालचा नट सुटतो, घमेल्यात काळपट धार पडते आणि गंधकाचा उग्र वास येतो. तो वास खराबीचा नव्हे. दातावर दात दाबून घासला जातो तिथे ऑइलचा थर टिकावा म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घातलेली असतात, त्यांचा तो वास. बऱ्याच गाड्यांत नटाच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर करडी मलमासारखी पेस्ट जमलेली दिसते. ती बोटावर घेऊन अंगठ्याने चोळायची. मऊ लागली तर ती रोजची झीज आहे, काळजी नको. बोटाला टोचलं, सुईच्या टोकासारखा तुकडा हाताला आला, तर कुठलातरी दात किंवा बेअरिंग तुटायला लागलंय. मग गाडी लांब न्यायची नाही.

गिअरबॉक्सचं ऑइल मी बोटावर घेऊन उन्हात तिरकं धरतो. त्यात सोनेरी चमक दिसली तर ती पितळेची. गिअर अलगद पडावा म्हणून आत ज्या पितळी रिंगा असतात, त्यांची ती झीज. पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही, म्हणून नट स्वच्छ दिसला तरी ऑइल बघायचंच. थोडी चमक चालते. खूप असेल तर गिअर टाकताना आपण घाई करतोय, किंवा ऑइल चुकीचं भरलंय.

चुकीचं कसं, तर आपण दुकानात जाऊन "नव्वद नंबर द्या" एवढंच म्हणतो. नव्वद हा नुसता दाटपणा झाला. तोही इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडायचा नाही, मोजमापच वेगळं आहे. गिअरचं नव्वद गरम असताना साधारण इंजिनच्या चाळीस-पन्नास नंबरइतकंच दाट असतं. खरं बघायचं ते डब्यावरची ऑइलची प्रत, जीएल-४ की जीएल-५. हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर घसरत चालतात, त्यांना जीएल-५ लागतं. त्यात गंधकाची द्रव्यं जास्त. ज्या गिअरबॉक्सला जीएल-४ सांगितलंय, त्यात जीएल-५ भरलं तर त्यातली काही ऑइलं पितळी रिंगांना खातात, आणि जादा निसरडेपणामुळे रिंगा नीट पकडत नाहीत. एकच डबा आणून दोन्हीकडे ओतणारे पुष्कळ आहेत. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घ्या.

भरायला मी ठिबकची १२ एमएमची कोरी नळी वापरतो. शेतात वापरलेली नळी नको, तिच्यात माती असते. ऑइलचा डबा उन्हात ठेवला की सुरसुर उतरतं. वरच्या भोकातून ऑइल परत वाहायला लागलं की थांबायचं. नटाला नवा वायसर टाकायचा आणि बेताने आवळायचा. ॲल्युमिनियमच्या डब्याचे आटे गेले तर नसता खर्च.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरी नदीला पाणी आलं होतं. धुळ्याहून सरळ शेतावर निघालो आणि नदीतल्या फरशी पुलावर पाणी थोडंच आहे असं समजून गाडी घातली. चाकं निम्मी बुडाली. गाडी निघाली, चालली, काहीच जाणवलं नाही. आठवड्याने हाउसिंगचा नट उघडला, तर दूध जास्त झालेल्या चहासारखं ऑइल बाहेर आलं. वरच्या ब्रीदरची, म्हणजे आतल्या हवेच्या वाटेची, टोपी काळ्या मातीने लिंपल्यासारखी बंद होती. हाउसिंग तापलेलं असताना आतली हवा फुगते. गार पाण्यात गेलं की ती एकदम आकसते आणि बाहेरचं काहीतरी ओढून घेते. ब्रीदर बंद, म्हणून पाणी सीलमधून आत शिरलं. मी दोनदा ऑइल भरून सोडलं, ब्रीदर डिझेलमध्ये धुतला, सील बदललं. क्राउन-पिनियन वाचलं. दिवाळीपर्यंत तसंच चालवलं असतं तर बेअरिंग गंजली असती. तेव्हापासून फरशीवरचं पाणी दिसलं की मी अलीकडेच थांबतो. पाण्यातून जावंच लागलं, तर आठवड्याच्या आत नट उघडून बघतो.

ज्यांच्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यांचं गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (आमच्या मागच्या हाउसिंगचं काम करणारा भाग) बहुतेक एकाच डब्यात असतं, एकच ऑइल, काम सोपं. ऑटोमॅटिकला मात्र घरी हात लावू नका. त्यातली पातळी बऱ्याचदा ठरावीक तापमानाला मोजावी लागते, आणि चुकीचं ऑइल गेलं तर आख्खा बॉक्स जातो.

आणि जुनं ऑइल नाल्यात, बांधावर किंवा चुलीत अजिबात नको. २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात धरलंय, आणि आपल्या विहिरी काही लांब नाहीत. मी रिकाम्या डब्यात भरून ठेवतो आणि जुनं ऑइल रिसायकलिंगला जातं त्या गॅरेजच्या पिंपात नेऊन ओततो.

हल्ली बरेच जण मला ऑइलचे फोटो पाठवतात. फोटोत चमक कळत नाही, वास येत नाही. अमळनेरला आलात तर काचेच्या बाटलीत थोडं ऑइल घेऊन या, आणि नटही आणा. मात्र नट पुसू नका.