सॅम्पल भरतीला घेतलं की ओहोटीला?

ठाणे खाडीचं पाणी किती चांगलं-वाईट ह्याचा कोणी नुसता आकडा सांगितला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सॅम्पल कधी घेतलं? लोकांना वाटतं मी उगाच फाटे फोडतेय. पण ऐरोली पुलाखाली एकाच दिवशी भरतीला आणि ओहोटीला पाणी घेऊन बघा, दोन वेगळ्या खाड्यांचं वाटेल. भरतीला मुंबई हार्बरकडचं, म्हणजे समुद्राच्या बाजूचं, त्यातल्या त्यात बरं पाणी आत येतं, आणि ओहोटीला उरतं ते मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या नाल्यांनी सोडलेलं. त्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात आत-बाहेर होतं, पण अष्टमीच्या आसपास भांगाला तेच पाणी तिथल्या तिथे मागे-पुढे डुलत बसतं, आणि ठाण्याकडे खाडी इतकी चिंचोळी होत जाते की वरच्या टोकाला ताजं पाणी नीट पोचतच नाही. हे कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं, रिपोर्ट लिहिणाऱ्यांना का नसतं देव जाणे.

मी मरीन केमिस्ट्रीवाली, म्हणजे आयुष्य बाटल्या भरण्यात चाललंय. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, ज्यावर मासे जगतात, म्हणजे आमचा डीओ, आम्ही अजूनही विंकलरच्या पद्धतीने मोजतो. हंगेरीच्या लायोश विंकलरची ही १८८८ सालची पद्धत, मीटर आले तरी ते बरोबर सांगतायत का हे तपासायला शेवटी हीच लागते. बाटलीत नळी तळापर्यंत घालायची, पाणी वरून वाहू द्यायचं, बुडबुडा एकसुद्धा राहता कामा नये, मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड पिपेटने पाण्याच्या आत सोडायचं, बूच लावून बाटली उलटसुलट करायची, आणि हे सगळं हलत्या होडीत चिखलाच्या हातांनी. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, जितका जास्त तितका गडद. नसेल तर साका पांढराच राहतो. पुलाच्या वरच्या अंगाला, ओहोटीच्या शेवटच्या पाण्यात, एकदा असाच पांढराफेक आला. होडीवाले काका वाकून बघत म्हणाले, "काय गो पोरी, दूध नासला का तुजा?" पुढे लॅबमध्ये ॲसिड, थायोसल्फेट, स्टार्चचा निळा रंग उडेपर्यंत टायट्रेशन वगैरे, पण त्या बाटलीचं उत्तर होडीतच मिळालं होतं.

आता गंमत बघा. तीस डिग्रीच्या खाऱ्या पाण्यात मुळात ऑक्सिजन मावतोच लिटरला ६ मिलिग्रॅमच्या थोडा वर. आणि पोहण्या-मासेमारीच्या किनाऱ्याच्या पाण्यासाठी, म्हणजे एसडब्ल्यू-२ वर्गासाठी, सरकारी निकष आहे किमान ४ मिलिग्रॅम. म्हणजे हातात जेमतेम दोनाचा फरक, आणि तेवढा तर नुसत्या वेळेने पडतो. दुपारी ऊन असताना शेवाळ भराभर ऑक्सिजन सोडतं, रात्रभर तेच शेवाळ तो वापरतं, त्यामुळे पहाटेचं पाणी सगळ्यात वाईट. दुपारी, उधाणाच्या भरतीला सॅम्पल घ्या, खाडी फर्स्ट क्लासमध्ये पास! खोटेपणा कुठेच नाही, आकडा खराच आहे. मला राग येतो तो ह्याचाच. आणि कारखान्यांच्या नावाने शिमगा करून आपण मोकळे होतो, पण पाण्यातला ऑक्सिजन खाण्यात आपल्या घरातलं सांडपाणी कमी नाहीये.

कारखान्यांची गोष्ट चिखलात सापडते. पाणी दिवसातून दोनदा बदलतं, चिखल बसून राहतो. कॉस्टिक सोडा बनवायला पूर्वी पाऱ्याचे सेल वापरायचे, त्यातला पारा सांडपाण्याबरोबर सुटायचा, आणि ठाणे खाडीतल्या पाऱ्यावर एनआयओच्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, झिंगडे आणि देसाईंचा पेपर १९८१ सालचा आहे, म्हणजे विषय काही नवा नाही. पारा बारीक गाळाला चिकटतो, वर ताजा गाळ बसत जातो, आणि काळ्या, ऑक्सिजन नसलेल्या चिखलातले जीवाणू त्यातल्या थोड्याचा मिथाइल मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप, करतात. तोच माशात चढतो, छोट्यातून मोठ्यात. म्हणून तळ उपसायची गोष्ट निघाली की मला धडकी भरते, खाली गाडलेलं परत वर येणार.

फ्लेमिंगोंचं पण सांगून टाकते. ऑगस्ट २०२२ मध्ये खाडी रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाली, छानच झालं, पण "पक्षी येतात म्हणजे पाणी स्वच्छ" हे लॉजिक चुकीचंय. लेसर फ्लेमिंगो शेवाळ खातो, आणि शेवाळाला नायट्रोजन-फॉस्फरसचं खत हवं असतं. ते आपण भरपूर पाठवतो.

घरचे, शेजारचे सगळे एकच विचारतात, मग मासे खायचे की नाही? माझं वैयक्तिक, कोणावर जबरदस्ती नाही. खाडीतली कालवं मी घेत नाही, ती पाणी गाळून जगतात, त्यात काय काय साठलं असेल ते बघून कळत नाही. नाल्याच्या तोंडाशी धरलेली निवटी, म्हणजे चिखलातले छोटे मासे, पण नको, आणि पारा शिजवून जात नाही त्यामुळे "नीट उकळून घे" ह्या सल्ल्याचा उपयोग शून्य. बाहेरच्या समुद्रातले बोंबील मात्र दर रविवारी, आणि ते कुठले हे मी कोळणीला दोनदा विचारून घेते, ती वैतागते तरी.