‘पुन्हा’ हा शब्द माझा नाही

नगरला गेले की उपासना सुटल्यावर मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, अंगणात कुणी ना कुणी मला हात धरून बाजूला नेतंच. “अगं, तान्ही होतीस तेव्हाच तुझा बाप्तिस्मा झालाय, आम्ही होतो तिथे. मग अमेरिकेत जाऊन पुन्हा कशाला घेतलास?” विचारणाऱ्या मावश्या-काकांपैकी निम्म्यांनी मला मांडीवर खेळवलेलं आहे, त्यामुळे तोडून बोलता येत नाही. इतकी वर्षं “सांगेन कधीतरी” म्हणत आले. तुम्ही विचारलंत म्हणून आता लिहिते.

आधी एक गोष्ट. ‘पुन्हा’ हा शब्द माझा नाही. तो जवळजवळ पाचशे वर्षं विरोधकांच्या तोंडी आहे. ‘अ‍ॅनाबॅप्टिस्ट’ म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा घेणारे, हे नाव त्या लोकांना दुसऱ्यांनी चिकटवलं. त्यांचं स्वतःचं म्हणणं सरळ होतं: ज्या बाळाला काही विचारलंच नाही, त्याच्या डोक्यावर पाणी घातलं म्हणजे बाप्तिस्मा झाला असं आम्ही मानत नाही. पहिलाच झाला नाही, तर दुसरा कुठून आला?

मी अमेरिकेत, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला राहते. हे गाव 1636 मध्ये रॉजर विल्यम्स यांनी वसवलं. ते आधी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, होते. इथली जमीन मूळच्या लोकांची आहे, इंग्लंडच्या राजाला ती वाटायचा अधिकार नाही, आणि माणसाच्या देवाशी असलेल्या नात्यात सरकारने पडू नये, असं ते उघड बोलत. ऑक्टोबर 1635 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने त्यांना हद्दपार केलं. ऐन हिवाळ्यात ते बर्फातून निघाले. नॅरागॅन्सेट लोकांचे प्रमुख कॅनोनिकस आणि मियांतोनोमी यांनी त्यांना जागा दिली. 1638-39 मध्ये या वस्तीत एक मंडळी उभी राहिली, अमेरिकेतली पहिली बॅप्टिस्ट मंडळी, म्हणजे बाळाला नव्हे, स्वतः श्रद्धा कबूल करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देणारी. ती कशी उभी राहिली हे वाचलं आणि मी थांबलेच. इझिकिएल हॉलिमन नावाचा एक गरीब माणूस, तोही सेलमहून आलेला. त्याने विल्यम्सना बाप्तिस्मा दिला. मग विल्यम्सनी हॉलिमनला आणि आणखी दहाएक जणांना दिला. वर बिशप नाही, मागे मिशन नाही, डोक्यावर छप्परसुद्धा नाही. पहिली साठ वर्षं ही माणसं घराघरांतून जमायची. 1700 साली पार्डन टिलिंगहास्ट या त्यांच्या पाळकाने पदरच्या पैशाने पहिली वास्तू बांधली.

या सगळ्याची किंमत काय होती, हेही ऐका. 1644 पासून मॅसॅच्युसेट्समध्ये बालबाप्तिस्म्याला विरोध करणाऱ्याला हद्दपारीचा कायदा होता. 1651 मध्ये ओबादाया होम्स हे बॅप्टिस्ट न्यूपोर्टहून एका वृद्ध सभासदाला भेटायला लिन गावी गेले, तिथे पकडले गेले, आणि बॉस्टनमध्ये त्यांना भर रस्त्यात 30 फटके मारले. दंड भरला असता तर सुटले असते. त्यांनी भरला नाही आणि दुसऱ्यांनाही भरू दिला नाही. “तिकडे गेलीस, चैनीत पंथ बदललास,” असं कुणी म्हणालं की मला होम्सची पाठ आठवते. हे उत्तर होत नाही, माहीत आहे. होम्सनी फटके खाल्ले, मी फक्त टोमणे.

आता बाबांचं सांगते. अंगणात खरं तर तेच विचारायचं असतं तुम्हाला.

2009 चा मे. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. मी एकटी आले होते आणि बाप्तिस्मा घ्यायचं ठरवून आले होते, तारीखसुद्धा ठरली होती. दुपारी बाबा खुर्ची पंख्याखाली ओढून बसले होते, मी आंबे चिरत होते. मी सगळं मुद्देसूद सांगितलं. विल्यम्स सांगितले, हॉलिमन सांगितला, होम्सचे 30 फटके सांगितले. मग माझा हुकमी पत्ता काढला. विल्यम्सच्या त्याच सेलममध्ये 6 फेब्रुवारी 1812 रोजी पाच तरुण मिशनऱ्यांचा दीक्षाविधी झाला. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट पुढच्या वर्षी मुंबईत उतरले आणि आपलं अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. त्याच पाचांतल्या अडोनायरम जडसन यांचं मन मात्र जहाजावर पवित्र शास्त्र वाचता वाचता बदललं. कलकत्त्याला पोचल्यावर सप्टेंबर 1812 मध्ये त्यांनी पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला आणि ब्रह्मदेशाची वाट धरली. “बाबा, हॉलसाहेबांचा सोबती हे करू शकतो, तर मी का नाही?”

बाबा शाळामास्तर होते. मुलाला पूर्ण बोलू द्यायचं, मग तपासायचं, ही त्यांची रीत. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, “पाळकांनी त्या दिवशी प्रश्न विचारले. सैतानाला नाकारता का, प्रभूला धरता का. तू दोन महिन्यांची होतीस. ‘होय’ मी म्हणालो. तुझी आई म्हणाली.” थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग, “ते आमचं होय खोटं होतं का गं?”

मी म्हटलं, “खोटं नव्हतं बाबा, पण ते माझं नव्हतं.”

हे वाक्य मी विमानात घोकलं होतं. अजूनही ते मला बरोबर वाटतं. पण ते बोलल्यावर बाबांचा चेहरा जसा झाला, तसा आई गेली त्या दिवशीही झाला नव्हता. ते उठले, चपला घातल्या, उन्हात बाहेर गेले. अंधार पडल्यावर परत आले आणि दारातूनच म्हणाले, “टिळकांनी बाप्तिस्मा न झालेल्यांनाही देवाच्या दरबारात जागा दिली. तुला आहे तो पुरला नाही.” हे टिळक म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, आमच्या घरात रोजचे. 1917 मध्ये त्यांनी मिशन सोडून देवाचा दरबार काढला, तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी होता तसाच न झालेल्यांसाठीही, हे मलाही पाठ होतं. उत्तर सुचलं नाही. आंबे तसेच काळे पडले.

मी परत गेले आणि जूनमध्ये पाण्यात उतरले. पाळकांनी विचारलं, मी मराठीत “होय” म्हटलं. इंग्रजीत म्हणायचं ठरवलं होतं. बाबा पुढे दोन वर्षं फोनवर हवापाण्याखेरीज काही बोलले नाहीत.

तेव्हाच्या मला आज भेटले तर सांगेन: बाई, तू बाबांना इतिहास अर्धाच सांगितलास. विल्यम्स त्या मंडळीत किती टिकले, हे तू गाळलंस. काही महिनेच. ज्याने पाया घातला तोच बाहेर पडला, कारण त्यांना वाटू लागलं की प्रेषितांपासून आलेला अधिकार मधल्या काळात कुठेतरी तुटला आहे. हॉलिमनलाही नाही आणि आपल्यालाही नाही. म्हणजे तुला ज्या बाप्तिस्म्याने भारावून टाकलं, त्यावरच घेणाऱ्याचा भरवसा उरला नव्हता. पुढे ते 1683 पर्यंत जगले, पण कुठल्याच मंडळीत गेले नाहीत. मागे राहिलेल्यांत 1652 च्या सुमारास बाप्तिस्मा झालेल्यांवर हात ठेवायचे की नाही यावरून फूट पडली. हे सगळं मला तेव्हा माहीत होतं. बाबांपुढे वाद जिंकायचा होता म्हणून बोलले नाही.

आणि एक मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या मंडळीची आजची वास्तू 1775 ची, 185 फुटी मनोरा, बघत राहावी अशी. तिचा आराखडा जोसेफ ब्राउन यांचा. हे जोसेफ आणि त्यांचे तीन भाऊ ‘सॅली’ नावाच्या जहाजाचे मालक. 1764 मध्ये ते जहाज गुलाम आणायला आफ्रिकेला गेलं. 196 माणसं विकत घेतली, त्यांतली किमान 109 मेली. बालबाप्तिस्म्याला नाही म्हणायचं कारण काय, तर माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या वतीने काही ठरवू नये. त्याच परंपरेच्या घराचा आराखडा काढणाऱ्याने त्या 196 जणांना काय विचारलं होतं? ज्या नॅरागॅन्सेटांनी जागा दिली, त्यांच्या, इंग्रज वसाहतींच्या सैन्याने डिसेंबर 1675 मध्ये केलेल्या कत्तलीबद्दलही मी बाबांना चकार शब्द सांगितला नव्हता.

मग बाप्तिस्मा घेतल्याचा पश्चात्ताप होतो का? नाही. तुम्हाला हे ऐकायचं नसेल, पण नाही. होय माझ्याच तोंडून यायला हवं होतं आणि ते आलं. एवढं मात्र कबूल करते की त्या होयमध्ये निव्वळ श्रद्धा नव्हती. तिथे मला कुणाची लेक म्हणून ओळखणारं कुणी नव्हतं, आणि ते मला हवं होतं.

माझ्या मुलाला आम्ही बाप्तिस्मा दिला नाही, आमच्या रिवाजाप्रमाणे फक्त देवाला अर्पण केलं. त्याला घेऊन नगरला आले तेव्हा बाबा बरेच थकले होते. नातवाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी मनातल्या मनात प्रार्थना केली. मग मला म्हणाले, “याच्यासाठी होय म्हणणारं कुणी नको का?” मी म्हटलं, “तो म्हणेल मोठा झाल्यावर.” बाबा म्हणाले, “आणि तोपर्यंत?”

बाबा गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आता तेरा. त्याने अजून बाप्तिस्म्याचं काही काढलेलं नाही, मीही काढलेलं नाही. रात्री तो झोपला की त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी त्याच्या वतीने काहीतरी म्हणते. त्याला विचारलेलं नाही.