बंद घरांच्या अंगणातली पालखी

फाल्गुन शुद्ध त्रयोदशी, रात्री

दिवा स्थानकातून दुपारी सुटणाऱ्या गाडीने संगमेश्वरला उतरेपर्यंत चांगलीच रात्र झाली. वीर स्थानकाच्या पुढे कोकण रेल्वेचा मार्ग अजूनही एकेरी असल्यामुळे समोरून येणाऱ्या वेगवान गाड्यांना वाट देत आमची गाडी लहान लहान स्थानकांवर थांबत राहिली, आणि प्रत्येक थांब्यागणिक डब्यातल्या माणसांच्या ओळखी वाढत गेल्या. सगळ्यांच्या बोलण्याचा विषय एकच होता. तुमचे शिमगे तेरसे की भद्रेचे, होळीला यंदा आंबा तोडणार की सुरमाड (माडाच्या जातीचे उंच झाड), पालखी तुमच्या वाडीत कोणत्या तिथीला येणार, याची चौकशी चालली होती. ज्या गावांची होळी त्रयोदशीला होते त्यांचे शिमगे तेरसे आणि ज्यांची पौर्णिमेला होते त्यांचे भद्रेचे. आमचे गाव भद्रेचे, म्हणून मला आज निघूनही होळीचा होम गाठता येणार आहे. शेजारच्या बाकावरच्या तरुणाचे गाव तेरसे होते, त्याची होळी त्या क्षणी तिकडे उभी राहत असणार, आणि सुट्टी न मिळाल्यामुळे आपण अजून चिपळूणच्या अलीकडेच आहोत याचे दुःख त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांची गर्दी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जादा गाड्या सुटतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, कार्यालयातले वरिष्ठही समजून घेतात. शिमग्याच्या वाट्याला हे त्या मानाने फारच थोडे येते. तो नेमका मार्च महिन्याच्या आसपास येतो, तेव्हा मुलांच्या परीक्षा डोक्यावर असतात, कार्यालयांत वर्षअखेरीची कामे साचलेली असतात आणि हक्काची सुट्टी मिळते ती फक्त धुळवडीची. तरीही रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला खोलात जाऊन विचारले, तर गावाकडे त्याला सर्वांत जास्त ओढणारा सण शिमगा आहे असेच तो सांगेल, असे मला वाटते. त्याचे कारण मला फार उशिरा, आई गेल्यानंतर उमगले. गणपती आपण घरी आणतो. त्यामुळे डोंबिवलीतल्या दोन खोल्यांतही तो आणता येतो आणि हजारो चाकरमान्यांनी तो तसा आणलाही आहे. शिमग्यात मात्र देव स्वतः देवळाबाहेर पडून आपल्या घरी येतो, आणि तो गावातल्याच घरी येतो. त्याला शहरातला पत्ता देता येत नाही.

चतुर्दशी

सकाळी घर उघडले. चावी नेहमीप्रमाणे शेजारच्या काकींकडे होती. वर्षभराच्या धुळीचा आणि बंद लाकडाचा वास बाहेर जावा म्हणून आधी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, मग ओटी, माजघर आणि देवघर झाडून घेतले. अंगण सारवायला शेण काकींच्याच गोठ्यातून आणले. वाडीत आता गाई उरल्या आहेत त्या त्यांच्याकडेच. दुपारी त्यांनी ओल्या काजूगरांची उसळ आणि कोवळ्या फणसाची भाजी पाठवली, आणि सोबत निरोप दिला, "तू येणार हे कळल्यावर गुरवाला सांगून ठेवलंय गो, ह्या घरात पालखी आत घ्यायची आहे म्हणून." हा निरोप ऐकून मी बराच वेळ ओटीवर बसून राहिले. मागची काही वर्षे, आईचे आजारपण आणि त्यानंतरचा काळ, पालखी आमच्या अंगणापर्यंत येऊन बाहेरच थांबत होती.

संध्याकाळी वाडीत एक फेरी मारली. निम्म्याहून अधिक घरांना कुलूप आहे. काही घरे नव्याने बांधलेली आहेत, त्यांना लोखंडी जाळ्या आणि रंगीत फरशा आहेत, पण तीही बंदच. जनगणनेचे आकडे मी पूर्वी वाचले होते, त्यांचा अर्थ या वाटेवरून चालताना समजतो. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती आणि 2011 साली ती 16,15,069 इतकी भरली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा दहा वर्षांत जवळजवळ पाच टक्क्यांनी आटला. त्याच जनगणनेत येथे हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. हा आकडा काहीजण अभिमानाने सांगतात, परंतु त्याचे मोठे कारण असे आहे की कमावते पुरुष येथे राहत नाहीत. आमचे आजोबा लालबागच्या गिरणीत लागले, वडील मुंबईतच निवृत्त झाले, आणि 1982 च्या संपानंतर गिरणगावातून ज्यांना गावी परतावे लागले, त्यांची मुलेसुद्धा पुन्हा मुंबईची, ठाण्याची किंवा पुण्याची वाट धरून गेली. ही हकिकत आमच्या एका घराची नाही, वाडीतल्या बहुतेक घरांची आहे.

पौर्णिमा, उत्तररात्र

होम लागून बराच वेळ झाला आहे, पण ढोल अजून कानात आहे आणि झोप येण्याची चिन्हे नाहीत, म्हणून लिहायला बसले.

देवळात दुपारीच रुपे लागली. वर्षभर पेटीत जपून ठेवलेले देवांचे चांदीचे मुखवटे मानकऱ्यांच्या देखत बाहेर निघतात, गुरव ते पालखीत बसवतो, वस्त्रे आणि दागिने चढवतो, आणि त्यानंतर पालखी देवराईतल्या त्या थंड सावलीतून बाहेर उन्हात येते. वाघजाई, जुगाई आणि केदारलिंग एकाच पालखीत बसतात. पुढे निशाण, मागे ढोल-ताशे आणि सनई. लहानपणी मला वाटे की हे देव वर्षभर अंधारात बसून कंटाळत असतील आणि म्हणूनच खांद्यावर चढले की इतके नाचत असतील. आज पुन्हा तेच वाटले.

होळीसाठी यंदा सुरमाड होता. तो मुळासकट न उपटता बुंध्याशी तोडतात आणि जमिनीला टेकू न देता खांद्यांवरून सहाणेपर्यंत, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापर्यंत, आणतात. इतके लांब आणि जड झाड डोंगरउतारावरून वाहून आणायचे तर खांदे पुष्कळ लागतात आणि सगळ्यांनी एका वेळी पाऊल टाकावे लागते. त्यासाठीच तर फाका असतात. एकजण मोठ्याने आरोळी देतो, बाकीचे तिला उत्तर देतात आणि त्या हाकेच्या तालावर ओझे पुढे सरकते. पूर्वी या कामाला वाडीवाडीतून माणसे येत आणि खांदा मिळावा म्हणून चढाओढ लागे. यंदा मुंबईहून येणारी एक बस वाटेत रखडली होती, तेव्हा तिची वाट पाहत झाड काही काळ तसेच थांबले. बस आली, पोरे पिशव्या टाकून तशीच रानाकडे धावली, आणि मग झाड निघाले. त्या पोरांपैकी काहींचा जन्म कल्याणचा आहे, काहींचा विरारचा. त्यांना शेतीतले काही येत नाही, आपली जमीन कोठून कोठपर्यंत आहे हेही कित्येकांना सांगता येणार नाही, पण पालखी नाचवताना गुडघा किती वाकवायचा, डावा खांदा कधी सोडायचा आणि बदली खांदा कसा द्यायचा हे त्यांना नीट ठाऊक आहे. मला याचे मोल फार मोठे वाटते.

होम पेटण्यापूर्वी गाऱ्हाणे झाले. गावकरांनी गावात राहणाऱ्यांसाठी मागणे मागितले, मग परमुलखात गेलेल्या लेकरांसाठी मागितले, त्यांच्या नोकरीधंद्यासाठी आणि प्रवासातल्या सुखरूपपणासाठी मागितले, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्या गावाने "होय महाराजा" म्हणून साथ दिली. सासरी गेलेल्या लेकींचा उल्लेखही त्यात होता. तो पूर्वीपासून आहे की अलीकडे आला हे मी काकींना विचारले, तेव्हा त्यांच्या सासूबाईंनीही तो ऐकला होता असे त्यांनी सांगितले.

वद्य प्रतिपदा

धुळवड. सकाळपासून मुले पोस्त, म्हणजे शिमग्याची खुशाली, मागत फिरली. दुपारी शेजारच्या गावचे खेळे, म्हणजे सोंगे घेऊन नाचणारी मंडळी, आले. काळ्या वस्त्रांतला, डोक्यावर उंच टोपी आणि कमरेला घुंगरू बांधलेला संकासुर अंगणात शिरला, तसा भावाचा मुलगा माझ्या पदरामागे दडला, आणि थोड्या वेळाने त्याच संकासुराच्या मागे वाडीभर धावत सुटला.

वद्य तृतीया

आज पालखी आमच्या वाडीत आली.

पहाटे उठून अंगणात रांगोळी काढली, दाराला आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण बांधले, ओटीवर पाट मांडून त्यावर धूतवस्त्र अंथरले. भाऊ काल रात्री पोहोचला होता. ढोल खालच्या वाटेने जवळ येऊ लागला, तेव्हा काकी धावत आल्या आणि त्यांनी भोयांच्या पायांवर घालण्यासाठी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. हे काम आई करीत असे. पालखी अंगणात थोडा वेळ नाचली, मग उंबऱ्यातून आत आली आणि पाटावर बसली. मी खण, नारळ आणि तांदूळ घेऊन जुगाईची ओटी भरली. गुरवाने आमच्या घराण्याचे नाव घेऊन गाऱ्हाणे घातले, त्यात आजोबांचे नाव आले, वडिलांचे आले, भावाचे आले, आणि शेवटी त्याने मला माझे नाव विचारून तेही घेतले.

देव घरात थोडाच वेळ थांबतो, कारण त्याला पुढची घरे घ्यायची असतात. पण तेवढ्या वेळात ओटीवर गावातली जी माणसे दाटीवाटीने उभी राहिली होती, त्यांच्यात भावकीतले होते, पलीकडच्या वाडीतले होते, ज्यांच्याशी बांधावरून आमचे जुने बोलणे तुटले होते तेही होते. एरवी ही माणसे आमच्या दारात आली नसती. पालखीबरोबर प्रत्येकाला प्रत्येक घरी जावेच लागते, ही या रीतीतली मोठी शहाणपणाची गोष्ट आहे. याच मानपानावरून काही गावांत वाद होतात, पालखी वर्षानुवर्षे बंद राहते आणि प्रकरण पोलीस ठाण्यापर्यंत जाते, हेही मला माहीत आहे. पालखीचा पहिला खांदा कोणाचा यासाठी सबंध गावाचा देव अडवून धरणारी माणसे मला कधी समजली नाहीत. मान देवाचा असतो आणि तो पालखीबरोबर घरोघरी वाटला जायला हवा.

आमच्या घरातून निघाल्यावर मी पालखीबरोबर वाडीच्या टोकापर्यंत गेले. ज्या घरांना कुलूप होते, त्यांच्या अंगणातही ती वळत होती. गवत वाढलेल्या त्या अंगणांत भोई चार पावले नाचत, भावकीतली एखादी बाई ओटी भरी आणि गुरव त्या बंद दारासमोर उभा राहून त्या घराण्याचे नाव घेऊन गाऱ्हाणे घाली. घरात ऐकायला कोणी नव्हते, तरी एकाही घराचे नाव गळले नाही. सरकारी दप्तरात ही घरे कोणाच्या नावावर आहेत कोण जाणे, पण देवीच्या फेरीत ती अजून नांदती आहेत.

वद्य चतुर्थी

रात्री सहाणेजवळ गावकीची बैठक झाली आणि ज्याची कुणकुण होती तो विषय निघाला. खांदे कमी पडतात, ढोल वाजवणारे थकतात आणि मुंबईकरांची सुट्टी संपते, म्हणून पुढच्या वर्षापासून प्रत्येक वाडीत पालखी एकाच ठिकाणी बसवावी आणि सर्वांनी तेथे येऊन ओटी भरावी, अशी सूचना काही जाणत्यांनी मांडली. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. उन्हातून डोंगर चढणारे तेच आहेत, आणि आम्ही शहरातून येऊन त्यांना परंपरा शिकवणे बरे दिसत नाही, हे मी जाणून आहे. तरीही मला राहवले नाही. सासरी गेलेल्या लेकीने गावकीत बोलावे की नाही याचा विचार न करता मी उभी राहिले आणि सांगितले की पालखी एका जागी बसली, तर सोय होईल, पण बंद घरांच्या अंगणात मग कोणीच जाणार नाही, आणि जे घर देवीच्या वाटेवरून उतरले त्या घरातली पुढची पिढी गावाच्या वाटेवरूनही उतरेल. माझा मुलगा आणि भाचा या गावात येतात ते गाऱ्हाण्यात त्यांचे नाव घेतले जाते म्हणून. ते नाव घ्यायला देव दारात यायला हवा.

बोलणे पुष्कळ लांबले. शेवटी असे ठरले की फेरी घरोघरच राहील, मात्र वद्य पंचमीला संपणारा शिमगा आणखी दोन दिवस वाढवून चढणीच्या वाड्या सकाळी उन्हाआधी घ्यायच्या. बंद घराची ओटी कोणी भरायची याची नोंद भावकीने आधीच गुरवाकडे द्यायची. आणि खांद्यांची उणीव आहे, तर वाडीतल्या मुलींनीही पालखीला खांदा द्यावा असे एका तरुणाने सुचवले. काही गावांत अलीकडे स्त्रिया पालखी नाचवू लागल्या आहेत, त्याचा दाखला त्याने दिला. यावर एकमत झाले नाही, विषय गुढीपाडव्याच्या बैठकीवर गेला आहे. माझे मत काकींनी विचारले, तेव्हा मी हो म्हटले. काकी म्हणाल्या, "माझा खांदा आता उतरला, पण सून तयार आहे."

घरी येऊन भावाशी बोलले. गणपतीला त्याने यायचे आणि शिमग्याला मी, असे आम्ही वाटून घेतले आहे. घराची मागची बाजू गळते, तिथली कौले मे महिन्यात तो परतवून घेणार आहे, आणि पंचमीच्या गाडीने निघण्यापूर्वी कौलांचे पैसे काकींकडे ठेवायचे आहेत. पुढच्या वर्षी फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, म्हणजे फागपंचमीला शिमगा सुरू होतो तेव्हापासून, घर उघडे राहावे अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी लागणारी रजा मी आत्तापासूनच राखून ठेवणार आहे.