पावसाळ्याचे वेळापत्रक नव्याने मांडताना

सायकल शर्यतींच्या सरावाविषयीची बहुतेक पुस्तके युरोप-अमेरिकेत लिहिली जातात. त्यामुळे त्यांतला विश्रांतीचा काळ नोव्हेंबरात सुरू होतो आणि डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे बाहेर बर्फ असताना, संथ गतीने पाया बांधायला सांगितले जाते. मी पुण्यात राहते. आमच्याकडे शर्यतींचा खरा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पुणे ते गोवा हे सुमारे ६४० किलोमीटरचे अंतर कापणारी डेक्कन क्लिफहँगर याच सुमारास असते, आणि पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यतही जानेवारी २०२६ मध्येच झाली. असे असूनही शर्यतींत उतरू लागल्यानंतरची पहिली तीन वर्षे मी पुस्तकातले वेळापत्रक जसेच्या तसे पाळले आणि ऐन थंडीत, रस्ते कोरडे आणि हवा उत्तम असताना, सायकल भिंतीला टेकवून ठेवली. आज ते आठवले की हसू येते.

नंतर मी महिने बदलले, पण संथ पायाभरणीच्या जागी जोराचा सराव घातला. जूनमध्ये पंधरा दिवस संपूर्ण सुट्टी, मग सप्टेंबरपर्यंत घरच्या ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, आठवड्यातून चार दिवस जीव काढणारे इंटरव्हल, म्हणजे मधे थोडी उसंत घेत जोर लावायचे टप्पे, असा क्रम पाच वर्षे चालला. पहिल्या वर्षी त्याचा फायदा झाला होता, म्हणून मी त्याला चिकटून राहिले. गेल्या दोन हंगामांत मात्र ऑक्टोबरात मी उत्तम असायचे आणि डिसेंबर उजाडेपर्यंत पाय जड व्हायचे. यंदा चाळिशी ओलांडली, तेव्हा जुने वेळापत्रक फाडून नव्याने विचार करायचे ठरवले.

सुरुवात सायकलपासून झाली नाही. मनगटाला किरकोळ मार लागल्याचे निमित्त झाले, डॉक्टरांनी हाडांची घनता मोजून घ्यायला सांगितले आणि कण्याच्या खालच्या भागातली घनता माझ्या वयाच्या मानाने कमी निघाली. तासन्‌तास व्यायाम करणाऱ्या बाईची हाडे विरळ कशी, हा प्रश्न मलाही पडला. उत्तर सरळ आहे. खोगिरावर बसले की शरीराचा भार सायकल उचलते, हाडांवर आघात होत नाही, आणि आघात किंवा भार नसेल तर हाड स्वतःला बळकट करण्याचे कष्ट घेत नाही. त्यात वजन कमी ठेवण्याच्या नादात आम्ही सायकलपटू श्रमांच्या मानाने कमी खातो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या उपासमारीच्या एकत्रित परिणामांना ‘रेड-एस’ असे नाव दिले. मासिक पाळी अनियमित होणे आणि हाडे कमकुवत होणे ही त्याची ठळक लक्षणे. चढावर हलके असणे फायद्याचे असते हे खरे, पण त्यासाठी मी रात्रीची भाकरी सोडली होती, ती आता पुन्हा ताटात आली आहे.

म्हणून यंदाच्या पावसाळ्याचा कणा म्हणजे मंगळवार आणि शुक्रवारची जिम. माझे वडील कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. ते म्हणाले, “अगं, रोज दोनशे बैठका मार, त्याला पैसे कशाला मोजायचे?” बैठकांविषयी मला आदर आहे, परंतु स्वतःच्याच वजनाच्या दोनशे बैठका हा पुन्हा दमसासाचाच व्यायाम झाला आणि दमसास माझ्याकडे आहे. नाही ते बळ. त्यासाठी वजन जास्त आणि आवर्तने कमी, म्हणजे पाच-पाच स्क्वॉटचे चार सेट आणि प्रत्येक सेटनंतर पूर्ण तीन मिनिटे विश्रांती. ती तीन मिनिटे काहीही न करता उभे राहणे मला सर्वांत अवघड गेले. पहिल्या दिवशी वीस किलोचा नुसता बार खांद्यावर घेऊन खाली बसले आणि वर येताना उजवा गुडघा आत वळला. सायकलवर हजारो किलोमीटर फिरलेला हाच गुडघा. पण पेडलच्या ठरलेल्या वर्तुळाबाहेर त्याला काहीच येत नव्हते. आता आठव्या आठवड्यात पन्नास किलो होतात आणि गुडघा सरळ राहतो.

दुसरा बदल ट्रेनरवरचा. सलग वीस मिनिटे शक्य तितक्या जोराने पेडल मारून आलेल्या सरासरी वॉटच्या ९५ टक्के धरली की एफटीपीचा, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणाऱ्या शक्तीचा, अंदाज मिळतो. माझी वीस मिनिटांची सरासरी २०५ वॉट आली, म्हणजे एफटीपी सुमारे १९५. त्याच्या ५६ ते ७५ टक्के हा दुसरा झोन, म्हणजे जोराच्या पट्ट्यांपैकी खालून दुसरा; माझ्यासाठी १०९ ते १४६ वॉट. पूर्वी मी या झोनला ‘फुकट घालवलेला वेळ’ म्हणत असे. प्रत्यक्षात स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे आणि चरबी जाळण्याची क्षमता वाढते ती मुख्यतः याच संथ तासांत. डिसेंबरातले माझे जड पाय म्हणजे या न घातलेल्या तासांचीच थकबाकी होती, असे माझे मत झाले आहे. तीव्र इंटरव्हल आता फक्त बुधवारी.

जुलैतल्या बाल्कनीत मात्र ‘संथ’ या शब्दाचा अर्थ बदलतो. जागच्या जागी असलेल्या सायकलला वारा लागत नाही आणि दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्याचा मुख्य मार्गच बंद होतो. एकदा मी तासाच्या आधी आणि नंतर वजन केले: ५६.४ आणि ५५.६ किलो, मधे अर्धा लिटर पाणी प्यायलेले, म्हणजे तासात १.३ लिटर घाम. १३० वॉट कायम असूनही हृदयाचे ठोके १३२ वरून १४८ वर गेले होते. म्हणून आता पाण्यात मीठ-लिंबू असते, पायांशी एक पंखा असतो आणि ठोके १४५ च्या वर गेले की मी वॉट कमी करते. घामाने आणखी एक गोष्ट केली. मागच्या वर्षीच्या इंटरव्हलचा सगळा घाम हँडलवरून खाली हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगच्या सांध्यात, झिरपत राहिला. मेकॅनिकने हँडल धरून ठेवणारा स्टेम काढला तेव्हा आतला बोल्ट गंजून तपकिरी झाला होता आणि बेअरिंग हाताने फिरत नव्हते. आता हँडलवर जुना पंचा घातल्याशिवाय बसत नाही.

रविवारची लांब फेरी हा प्रश्न बरीच वर्षे सुटत नव्हता. पश्चिमेला ताम्हिणीत किंवा लोणावळ्याकडे जावे तर धुवाधार पाऊस, निसरडे रस्ते आणि सहलीच्या गाड्यांची रांग. सिंहगडाचीही तीच गत. तोडगा पाठीमागेच होता. सह्याद्रीने ढग अडवल्यामुळे पूर्वेकडचा पट्टा पर्जन्यछायेत येतो, त्यामुळे ताम्हिणी पाण्यात बुडालेली असते त्याच सकाळी सासवडच्या पुढे रस्ता बहुधा कोरडा असतो. पहाटे साडेपाचला निघून बोपदेव घाट, सासवड, जेजुरी, जमले तर मोरगाव आणि परत. अपवाद एकच: आषाढीच्या आधी माउलींची पालखी सासवड-जेजुरीला असते तेव्हा तो रस्ता वारकऱ्यांचा, तिथे आपण सायकल घेऊन मधे घुसू नये.

या फेरीत एक मेख आहे. मोसमी वारे पश्चिमेकडून येतात, त्यामुळे जाताना पाठीवर वारा घेऊन मी सहज ३२-३३ च्या वेगाने जेजुरी गाठते आणि स्वतःच्या फॉर्मवर खूश होते. परतताना तेच १३५ वॉट लावले तरी मीटर कधी कधी २० दाखवतो. दुधाच्या कॅन लावलेली मोटारसायकल शेजारून जाते, तिच्यामागे क्षणभर आडोसा मिळतो, आणि पुन्हा तोंडावर वारा. पहिल्या दोन रविवारी मी इरेला पेटून २०० वॉटने वाऱ्याशी भांडले आणि सोमवारचा दिवस झोपून काढला. आता मीटरचा पडदा मी फक्त वॉट दिसतील असा लावला आहे. वेग घरी आल्यावर पाहायचा, आणि पाहिला नाही तरी चालते.

पुढची वीस मिनिटांची चाचणी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी ठेवली आहे. तोपर्यंत बाल्कनीतला पंखा दुरुस्त करून घ्यायचा आहे. तिसऱ्या गतीवर तो हल्ली खडखडतो आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दोनदा विचारून झाले आहे.